शुगर लपवून मिळणारी स्वस्त पॉलिसी घेऊ नका

पत्र

ताई, माझं वय ४२. शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, जॉबवर्क करतो. चार कामगार आहेत. घरी बायको (वय ३८, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते), मुलगा दहावीला, मुलगी सहावीला आणि आई, वय ७३. आईला बीपी आणि शुगर दोन्ही. मला दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, एक गोळी चालू आहे, बाकी काही तक्रार नाही. मध्यंतरी शेजारच्या गाळ्यातल्या मित्राची बायपास झाली. पॉलिसी नव्हती, एक मशीन विकावं लागलं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

एका एजंटानं आईसकट सगळ्यांची १० लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी) सांगितली. हप्ता ६० हजारांच्या पुढे. परवडत नाही म्हटल्यावर म्हणाला, "आईला काढा आणि शुगर लिहू नका, निम्म्यात बसवतो." दुसरा म्हणतो, बायको, भाऊ, मेहुणा यांना कामगार दाखवून सात डोकी करा, ग्रुप पॉलिसी काढू, जुने आजारसुद्धा पहिल्या दिवसापासून. भावाचं म्हणणं, केशरी कार्ड आहे ना, फुले योजना फुकट आहे, पैसे कशाला घालवतोस. वर्षाला २५-३० हजारांच्या वर माझी ऐपत नाही. पार्ट्यांची पेमेंट तीन-तीन महिने येत नाहीत. काय करू?

– एक वर्कशॉपवाला, कोल्हापूर

उत्तर

तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा सल्ला "शुगर लिहू नका" हा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

समजा दोन वर्षांनी रात्री तुमच्या छातीत दुखू लागलं आणि तुम्हाला कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर केसपेपर भरता भरता बाहेर उभ्या असलेल्या वहिनींना विचारतो, "शुगर-बीपी काही? किती वर्षं झाली?" त्या घाबरलेल्या असतात. त्या वेळी त्यांच्या डोक्यात ना पॉलिसी असते ना तारखा. "हो, झाली की चार-पाच वर्षं," एवढंच त्या बोलतात. डॉक्टर कागदावर लिहितो, "के/सी/ओ डीएम, ५ वर्षं", म्हणजे पाच वर्षांपासून मधुमेह असल्याचं माहीत असलेला रुग्ण. दावे नाकारले जातात ते या एका ओळीवर. दाव्यांच्या फायली मी बरीच वर्षं पाहिल्या आहेत. ऑपरेशनच्या नोंदी, बिलं, रिपोर्ट यांच्या ढिगात तपासणारा माणूस सगळ्यात आधी हा पहिला केसपेपर काढतो. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची, शुगर पाच वर्षांची आणि अर्जात "कोणताही आजार नाही" असं लिहिलेलं. पुढचं पत्र कसं येतं ते सांगायला नको. दावा नामंजूर होतो, बहुतेकदा पॉलिसीही रद्द होते. एजंटाचं कमिशन मात्र कधीच जमा झालेलं असतं.

तोच एजंट असंही सांगेल की पाच वर्षं काढा, मग कुणी विचारत नाही. नियम आहे, पण तो जसा सांगतोय तसा नाही. २०२४ पासून सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नव्हती एवढ्या कारणावर कंपनीला दावा नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. यातून सिद्ध झालेली फसवणूक मात्र वगळली आहे. रोज गोळी घेत असताना "आजार नाही" वर खूण करणं कशात मोडतं, हे तुम्हीच ठरवा. आणि या पाच वर्षांत काही झालं तर? तुम्ही पॉलिसी घेताय ती त्याच पाच वर्षांसाठी ना?

शुगर लिहिली तर काय होतं ते आता बघा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो (एप्रिल २०२४ पूर्वी ४८ होता). तेवढ्या काळात शुगरशी थेट संबंध असलेल्या दुखण्याचे पैसे मिळणार नाहीत. बाकी सगळं चालू राहतं. अपघात पहिल्या दिवसापासून, डेंग्यू, न्यूमोनिया, अपेंडिक्स यांसारखं आजारपण ३० दिवसांनंतर. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा ठरावीक गोष्टींना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, पण ते सगळ्यांनाच, शुगर असो वा नसो. कंपनी थोडा जादा हप्ता लावेल, त्याला लोडिंग म्हणतात. काही कंपन्या शुगर-बीपीचा प्रतीक्षा काळ जादा पैसे घेऊन वर्षावर किंवा त्याहून खाली आणतात. तुमचं वय ४२, एक गोळी आणि शुगर आटोक्यात असेल तर ही जोडणी हमखास विचारा. एखाद्या कंपनीनं नकार दिला तर दुसरीकडे अर्ज करा, सगळ्यांचे निकष सारखे नसतात. मात्र एकीनं नाकारल्याचं दुसरीच्या अर्जात विचारलं असेल तर तेही खरं लिहा.

दोन कामं स्वतः करा. शुगर पहिल्यांदा निघाली त्या तारखेचा लॅब रिपोर्ट आणि डॉक्टरची पहिली चिठ्ठी शोधून फायलीला लावा, फोटो काढून वहिनींच्या मोबाइलमध्येही ठेवा. उद्या कुणी घाबरून "पाच वर्षं" म्हटलं तरी कागद खरी तारीख सांगेल. दुसरं म्हणजे अर्ज एजंटाला भरू द्या, पण वाचल्याशिवाय सही किंवा ओटीपी देऊ नका. हा ओटीपी म्हणजेच तुमची सही. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत येते. ती उघडून आजारांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. चुकलं असेल तर लगेच कळवा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

आता आई. पहिल्या एजंटानं आईंना काढायला सांगितलं ते मला पटतं, पण कारण वेगळं आहे. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ७३ वर्षांच्या आई आत आल्या की तुम्हा चौघांचाही हप्ता त्यांच्या वयानं वाढतो, आणि त्यांना एकदा मोठं आजारपण आलं की वर्षभराची रक्कम तिथेच संपू शकते. आईंची सोय वेगळी करा, आणि ती बरीचशी मोफत होते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं. आधार कार्डावरचं वय ग्राह्य धरतात. आपले सरकार किंवा सीएससी केंद्रावर, नाहीतर मोबाइलवरच्या आयुष्मान अ‍ॅपवर ते निघतं. इथे प्रतीक्षा काळ नाही, बीपी-शुगर असली तरी पहिल्या दिवसापासून लागू. घरात ७० वरचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून.

आईंसाठी शिवाय खाजगी पॉलिसीही घ्यावी का? आता ६५ नंतर पॉलिसी मिळतच नाही असं राहिलेलं नाही, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला सरकारी विमा नियामकाकडे जावं लागतं. तरीही ७३ व्या वर्षी बीपी-शुगरसह मिळणारी पॉलिसी महाग असते, दर दाव्यात २० टक्के किंवा जास्त वाटा आपल्याकडे ठेवते आणि पहिली तीन वर्षं नेमक्या याच दोन आजारांना हात लावत नाही. तुमच्या ३० हजारांत ती बसवायला गेलात तर घरातला कमावता माणूस उघडा पडेल. मी आज ती घेणार नाही. कार्ड काढा आणि आईंच्या नावावर वेगळी ठेव सुरू करा, महिना हजार-दीड हजाराची का होईना. कार्डावर न बसणारा खर्च त्यातून निघेल.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून केशरीच काय, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ही योजना कमी लेखू नका. बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरची केमो अशा खर्चाखाली घरं बसतात, आणि या गोष्टी तिच्यात आहेत. तुमच्या मित्राला मशीन विकण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर कुणी नेलं होतं का, हे विचारावंसं वाटतं. बहुतेक नसावं. हे टेबल योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात असतं. रुग्ण दाखल झाला की आधी तिथे जायचं असतं. बिल भरून झाल्यावर गेलात तर उपयोग नाही.

उरलेलं अर्धं असं. योजना ठरावीक यादीतल्या उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांत चालते. एखादं रुग्णालय योजनेत असलं तरी त्यातला तुम्हाला हवा तो विभाग असेलच असं नाही. साध्या तापासाठी तीन दिवस दाखल झालात तर ते यादीत बसेलच याची खात्री नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, उपचार मिळतील, पण रात्री घराजवळच्या ज्या खाजगी दवाखान्यात तुम्ही धावत जाल तो योजनेबाहेरचा असू शकतो. म्हणून योजना हा पाया समजा आणि खाजगी पॉलिसी त्यावर चढवा, दोन्हींत भांडण नाही. एक काम मात्र याच आठवड्यात करा. शिधापत्रिकेवरची आणि आधारवरची सगळ्यांची नावं जुळतात का ते बघा. वहिनींचं नाव लग्नानंतर कार्डावर चढलंय का? मुलीचं? शिधापत्रिका ऑनलाइन झालेली आहे का, तिला १२ अंकी क्रमांक आहे का? ऐन वेळी अडतं ते इथेच, आणि आयसीयूबाहेर बसून तहसीलदार कचेरीचं काम होत नाही. शंका असली तर १५५३८८ वर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५.

सात डोक्यांची ग्रुप पॉलिसी. हा एजंट पहिल्यापेक्षा हुशार आहे, म्हणून जास्त धोकादायक. ग्रुप पॉलिसीचे फायदे त्यानं सांगितले ते खोटे नाहीत. सात माणसांपासून ती मिळते आणि जुने आजार बहुतेकदा पहिल्या दिवसापासून धरले जातात. पण कंपनी हे देते ते खऱ्या मालक-नोकर नात्यावर. मोठा दावा आला की पगारपत्रक, हजेरी, बँकेतून गेलेला पगार मागितला जातो. मेहुण्याचा पगार कुठून दाखवणार? समजा दाखवलात, तर आयकराच्या हिशेबात तो खर्चही खोटाच चढवावा लागेल, आणि मग पुढची वर्षं एक खोटं निभवायला दुसरं. भाऊ-मेहुणा खरंच तुमच्याकडे पगारावर असते तर मी वेगळं बोलले असते.

खोटेपणा बाजूला ठेवला तरी छोट्या ग्रुप पॉलिसीत एक गोम आहे. तिचा हप्ता दर वर्षी मागच्या दाव्यांवरून नव्यानं ठरतो. सात जणांत एक बायपास झाली की पुढच्या वर्षीचा आकडा बघून तुम्हीच ती सोडाल. वैयक्तिक पॉलिसीत तुम्ही दावा केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही, पूर्वी १८ टक्के होता. ग्रुप पॉलिसीवर तो अजून लागतो. म्हणजे आज छोट्या धंदेवाल्याला स्वतःची फ्लोटर आधीपेक्षा स्वस्त पडते. एजंटानं दिलेल्या कोटेशनमध्ये जीएसटी लावलेला असेल तर कागद जुना आहे, नवा मागा. तुम्ही एखाद्या उद्योजक संघटनेचे सभासद असाल तर तिथे सभासदांसाठी खरी ग्रुप पॉलिसी आहे का ते विचारा. असली तर घ्या, पण जोड म्हणून. त्या एकीच्याच भरवशावर राहू नका.

तुम्ही चार कामगारांबद्दल काही विचारलं नाहीत, पण लेथवर काम म्हटल्यावर मला राहवत नाही. जॉब फिरत असताना हातमोजा अडकला की बोटं जातात, आणि भरपाईची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर येते. त्या वेळी तुमची फ्लोटर काही कामाची नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मालक-कामगारांच्या संमतीनं ईएसआयसीत (सरकारच्या कामगार विमा योजनेत) स्वेच्छेनं येण्याची तरतूद आहे. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात बसतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पंधरा हजार वेतन असेल तर तुमचे ४८७ रुपये ५० पैसे आणि त्याचे ११२ रुपये ५० पैसे. तेवढ्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार, आजारपणातल्या रजेचे काही पैसे आणि कामावरच्या इजेची भरपाई. तुमच्या कर सल्लागाराला किंवा थेट ईएसआयसीच्या कार्यालयात विचारा. एकदा आत गेलात की दर महिन्याचा भरणा आणि कागद ठेवावे लागतात हे खरं. तेवढं जमणार नसेल तर निदान वर्कमेन कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कामावरच्या इजेची भरपाई देणारी, पॉलिसी घ्या, चार जणांची फार महाग नसते. मालक म्हणून तुम्ही स्वतः ईएसआयसीत बसत नाही, तुमची वाट वेगळी.

ती वाट अशी. तुम्ही, वहिनी आणि दोन मुलं, चौघांची ५ लाखांची फ्लोटर. तिच्यावर ५ लाखांच्या पुढे सुरू होणारी १५ किंवा २० लाखांची सुपर टॉप-अप. पहिल्या ५ लाखांची जोखीम दुसरीकडे असल्यानं सुपर टॉप-अप स्वस्त असते. सरळ २० लाखांच्या एका पॉलिसीपेक्षा ही जोडी बहुतेकदा कमी हप्त्यात बसते. आई बाहेर, जीएसटी नाही, बाळंतपणाच्या जोडणीची तुम्हाला गरज नाही. थोडं लोडिंग धरूनही तुमच्या ३० हजारांत हे बसण्याची शक्यता चांगली आहे. घेताना "सुपर" शब्द बघून घ्या, कारण नुसती टॉप-अप वेगळी. वर्षात दोनदा दाखल झालात, एकदा ४ लाख, एकदा ३ लाख. नुसत्या टॉप-अपला एकही बिल ५ लाखांच्या वर दिसत नाही, ती काही देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज ७ लाख धरते आणि वरचे २ लाख देते. सुपर टॉप-अपच्या अर्जातही शुगर लिहायची, हे विसरू नका.

फ्लोटर निवडताना हप्त्याच्या आकड्याआधी खोलीभाड्याची अट वाचा. स्वस्त पॉलिसी स्वस्त असते ती बऱ्याचदा याच ओळीमुळे. हिशेब मांडून दाखवते. पॉलिसी ४ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. स्वस्तातली खोली रिकामी नव्हती म्हणून तुम्ही ८,००० ची घेतलीत, पाच दिवस. बिल आलं ३ लाख: खोलीचे ४० हजार, डॉक्टर-ऑपरेशन-भूल-नर्सिंग १ लाख ६० हजार, औषधं-तपासण्या-इम्प्लांट १ लाख. तुम्हाला वाटतं खोलीतल्या फरकाचे २० हजार खिशातून जातील. पण खोली दुप्पट दराची, म्हणून कंपनी डॉक्टर-ऑपरेशनच्या रकमेचेही निम्मेच देते. खोलीचे २० हजार, ऑपरेशनकडचे ८० हजार आणि औषध-तपासण्या-इम्प्लांटचे पूर्ण १ लाख. एकूण २ लाख. चार लाखांची पॉलिसी असून ३ लाखांच्या बिलात १ लाख तुमचे! यात कंपनीनं फसवलं असं म्हणता येत नाही, पॉलिसीत ते लिहिलेलं असतं. मोठ्या खोलीला डॉक्टरची फीही मोठी लावणारी रुग्णालयं आहेत, म्हणून ही अट. म्हणून शक्यतो खोलीभाड्याला मर्यादा नसलेली किंवा "सिंगल प्रायव्हेट एसी खोली" एवढंच म्हणणारी पॉलिसी घ्या. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

अगदीच हात आखडत असेल तर आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांना द्यावी लागणारी एकसारखी पॉलिसी आहे. २०२० पासून निघाली. अटी सगळीकडे त्याच, फक्त हप्ता वेगळा, त्यामुळे तुलना सोपी. तिच्यात खोलीला रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० च्या वर नाही, आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के आपले. मुंबई-पुण्यात मी ती सुचवताना कचरते. कोल्हापुरात तुम्ही नेहमी ज्या दोन-तीन रुग्णालयांत जाता तिथले खोलीचे दर विचारा, ५,००० च्या आत असतील तर ही पॉलिसी वाईट नाही.

हप्ता कसा भरायचा? पेमेंट तीन महिने अडकतात म्हणताय, म्हणून मासिक हप्त्याचा मोह होईल. पण मासिक हप्ता चुकला तर सवलतीचे १५ दिवसच मिळतात, वार्षिकला ३० मिळतात. ते उलटले की पॉलिसी बंद, आणि नव्यानं घेताना शुगरचा प्रतीक्षा काळ परत पहिल्यापासून. तुमच्या धंद्यात १५ दिवस उशीर ही रोजचीच गोष्ट आहे. दिवाळीच्या आधी पार्ट्या थोडं मोकळ्या हातानं देतात, पॉलिसी त्या सुमाराला सुरू करा आणि वर्षाचा हप्ता एकदम भरा. रोख भरू नका. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्याचे २५ हजारांपर्यंत वजा मिळतात, रोखीनं भरलेले मिळत नाहीत. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही.

आणखी एक. पगारदाराला रजा असते, तुम्ही दीड महिना झोपलात की गाळ्याचं भाडं आणि चौघांचे पगार चालूच. ते आरोग्य पॉलिसीतून मिळत नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसीत "तात्पुरतं पूर्ण अपंगत्व" ही जोडणी असते, हात मोडून घरी बसलात तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम येते. ती घ्या. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा २० रुपयांत आहे, तोही असू द्या, पण तो अपघाती मृत्यू आणि अपघातानं आलेल्या कायमच्या अपंगत्वापुरताच.

दाव्याबद्दल थोडक्यात, कारण पॉलिसी नीट घेतली असली तर बरीच भांडणं उद्भवतच नाहीत. कॅशलेसची (कंपनीनं बिल थेट रुग्णालयाला भरण्याची) विनंती गेल्यावर कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असा २०२४ पासूनचा नियम आहे. डिस्चार्जला दिवस दिवस बसवून ठेवलं तर कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन करून या तीन तासांची आठवण करून द्या. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करा. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. नकाराचं पत्र हातात आल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

आता दोन्ही एजंटांना एकच मेसेज करा: चौघांची ५ लाखांची फ्लोटर आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, मला शुगर आहे ती धरून, खोलीभाड्याला मर्यादा नको, हप्ता वार्षिक. सोबत पॉलिसीची ग्राहक माहितीपत्रिका मराठीत पाठवा म्हणावं. मागितली तर ती आपल्या भाषेत द्यावी लागते, आणि त्या मोजक्या पानांत प्रतीक्षा काळ, खोलीभाडं, आपला वाटा, काय मिळणार नाही हे सगळं असतं. जो आधी नीट उत्तर देईल त्याच्याकडून घ्या. "शुगरचं बघू नंतर" म्हणणाऱ्याला तिथेच सोडा. कंपनीकडून एचबीएवनसीची (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी) तपासणी बहुतेक मागितली जाईल, तर पैसे भरण्याआधी ती करून घ्या, म्हणजे लोडिंग किती ते आधीच कळेल.